बाबांची रेल्वे आणि सावंतकाकांची करवत

मंडळी, आज पुरता अडकलोय.

काळाचौकीत आमची एकच खोली. गणपतीत बाबा मखरापुढे छोटी रेल्वे मांडायचे. रूळ, बोगदा, डोंगर, सगळं एका प्लायवर. दरवर्षी त्याला नवा तुकडा जोडायचे. आता त्यांचे हात थरथरतात, वायरी उंदरांनी खाल्ल्यात, आणि तो बोर्ड पलंगामागे नुसता उभा आहे.

लेक यंदा दहावीला. तिच्या टेबलाला जागा हवी म्हणून तो आज काढायला घेतला, तर दारातून बाहेरच जाईना! घरातच वाढवलेला ना तो. शेवटी बाबांना काही न सांगता गॅलरीत बसवलं, बोर्ड कापायचाय असं शेजारच्या सावंतकाकांना सांगून त्यांची करवत आणली.

करवत लावणार, तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज, काकांशी बोलत होते. "सतीश गाडी दुरुस्त करतोय. यंदा बघायला या हां!"

काकांना सगळं ठाऊक होतं. तरी म्हणाले, "येणार तर!"

मग बाबांनी मला हाक मारली, "बोगद्याकडचा रूळ आधी बघ रे, तिथे घसरते."

लेक जमिनीवर बसून गणितं सोडवतेय. तुम्ही काय केलं असतं?

करवत अजून माझ्याकडेच आहे. काका परत मागत नाहीयेत.