तुळसाबाईचा खड्डा

आमच्या बिल्डिंगमध्ये उन्हाळा लागला की प्रत्येक कुलरपाशी रबरी चपलेचा एक जोड येऊन बसायचा. ती घालून कुणी बाहेर जायचं नाही. तिला आम्ही कुलरची चप्पल म्हणायचो. तेव्हाचा नागपुरी कुलर म्हणजे लोखंडी पत्र्याचा मोठा डबा. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा, तळाशी पाण्याची टाकी. टाकी आटली की घरातली बाई बादली घेऊन यायची, पाय चपलेत सरकवायची आणि चालू कुलरमध्ये पाणी ओतायची. अनवाणी ओतलं तर झटका बसणार हे सगळ्यांना ठाऊक. पाहुण्यांनाही आम्ही सांगायचो, "हात नका लावू, थोडा मारते. बाकी हवा फस्क्लास देते." घरातल्या एखाद्या तापट म्हाताऱ्याची ओळख करून द्यावी, तसं.

त्या चपलेविरुद्ध एका बाईनं युद्ध पुकारलं. मी आयुष्यभर रंगमंचावर पत्र्याच्या तलवारी फिरवल्या, राजे झालो, सेनापती झालो, दर आठवड्याला नव्या गावात मेलो. पण खरी लढाई मी पाहिली ती तुळसाबाईची, आणि तीत मला संवाद फारसे नव्हते.

तुळसाबाई नरखेडकडची. वडिलांची संत्र्याची बाग, विहिरीवर मोटार. ती मोटार ऐन गरजेच्या वेळी जळायची, बागेचं पाणी तुटायचं आणि घरात कुणी कुणाशी धड बोलायचं नाही. "मोटार काहून जळते?" असं तिनं लहानपणी विचारलं की वडील म्हणायचे, नशीब. हे उत्तर तिनं कधी मान्य केलं नाही. पुढं लग्न झालं ते रुपरावशी, नागपूरच्या जुनी शुक्रवारी भागातल्या मोटार वाइंडिंगवाल्याशी. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे घालून भरायची, हा त्याचा धंदा. दुकान आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यात, मागं एक खोली. वर्षभरात ती नवऱ्यापेक्षा नीट वेढे घालू लागली, आणि हे ती नवऱ्यादेखत गिऱ्हाइकांना सांगायची.

मग कोराडीचं वीज केंद्र सुरू झालं. रुपरावला तिथं नोकरी लागली, कॉलनीत क्वार्टरही मिळत होतं. तो म्हणाला, दुकान बंद कर, तिकडं राहू. ती म्हणाली, "तिथं वीज बनते, इथं मोटारी जळते. माहं काम जळते तिथं." रुपराव रोज बसनं जाऊ-येऊ लागला. पण क्वार्टरची गोष्ट त्याच्या मनातून गेली नव्हती.

दुकानात नेहमी दोन-चार शेतकरी मोटारीची वाट बघत बसलेले असायचे, आणि त्यांचे प्रश्नही नेहमीचेच. नरखेडचा कवडू एकदा म्हणाला, "तुळसाबाई, तारेवर पाखरू बसते, त्याले काहून काही होत नाई? मी हात लावला तर मरन."

"वीज निंगाली की तिले परत जा लागते गा," ती वेढे घालायचं यंत्र फिरवतच म्हणाली. "एका तारेनं येते, दुसऱ्या तारेनं घरी जाते. परतीची वाट नसन तर ते पाऊल टाकत नाई. पाखरू एकाच तारेवर बसते. त्याच्यातून वाट कुठं जाते? तू जमिनीवर उभा राहून हात लावशीन, मंग तूच वाट."

"जमिनीतूनबी घरी जाते?"

"जमिनीतूनबी जाते. तिकडं कोराडीले तिचं एक टोक जमिनीतच गाडून ठेवलं हाये. विचार माह्या नवऱ्याले, तिथंच पगार खाते तो."

रुपराव मागच्या खोलीत जेवत होता. त्यानं मान हलवली आणि वाटीतलं वरण भुरकलं.

तिचा आवाज मोठा. माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. आमच्या कंपनीत असती तर मी तिला खलनायिका दिली असती आणि नायिकेनं रडत कंपनी सोडली असती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात माझी बायको कुसुम कुलरमध्ये पाणी ओतत होती. चपलेचा अंगठा तुटला, पाय ओल्या फरशीवर पडला आणि हात पत्र्याला लागला. ती मागं फेकली गेली ती थेट दाराच्या चौकटीवर. जीव वाचला, पण उजवा हात कितीतरी दिवस कापत राहिला, चहाचा कप धरता येईना. शेजारपाजारचे जमले. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, नवी चप्पल घ्या.

तुळसाबाई गर्दीतून आत आली. तिनं स्विच बंद केला, कुलरचा पत्रा उघडून आत पाहिलं. "पंख्याची वाइंडिंग ओली होऊन वीज पत्र्यात उतरून राहिली," ती म्हणाली. मग वाकून ती तुटकी चप्पल उचलली, जोडीची दुसरीही उचलली, आणि बिल्डिंगमध्ये दार दार फिरून प्रत्येक कुलरपाशचा जोड काखोटीला मारला. बायका मागं ओरडत होत्या, "आमची काहून नेऊन राहिली वं?"

"चप्पल हाये तोपर्यंत कोनी अर्थिंग करत नाई. आता पानी भराचं असन तर पहिले कुलर बंद करा, नाही तर अर्थिंग करा."

अर्थिंग म्हणजे काय, हे तिनं अंगणात उभं राहून सांगितलं. तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं. "वीज पत्र्यात उतरली की तिले जमिनीत जाची घाई राहते. तुम्ही मधात उभे राहिले तर ते तुमच्यातून जाते. मी पत्र्याले जाड तार बांधून थेट जमिनीत नेऊन देतो. मोठा रस्ता भेटला की ते धडधडत तिकडं जाते अन् त्या धडधडीनं फ्यूज उडते. फ्यूज उडला की सगळं बंद. बाई जिवंत."

घरमालक भैयाजी वरच्या गॅलरीतून ऐकत होते. संत्र्याच्या पेट्यांचा त्यांचा व्यापार, माणूस तसा वाईट नव्हता. कुसुमसाठी त्यांनीच रिक्षा बोलावली होती. पण सगळ्या बिल्डिंगचं मीटर एकच, त्यांच्या नावाचं, आणि लाइटचे पैसे भाड्यातच धरलेले. त्यांनी वरून विचारलं, "जमिनीत वीज जाईन, तं बिल कोन भरन?"

"जाईनच नाई, भैयाजी. बिघडलं तरच जाईन, अन् बिघडलं की फ्यूज उडन."

"मले हे समजत नाई. नदीत पानी सोडल्यावानी होईन. अंगनात खोदाचं नाई. पोरीच्या लग्नाले नवी फरशी टाकली."

"ठीक हाये," तुळसाबाई म्हणाली. "अंगनात नाई खोदत."

तिनं दुकानात खोदलं. जिथं बसून ती वेढे घालायची, तिथलीच फरशी उचकटली. कवडूची मोटार व्हायला वेळ होता. "बसून काय करते, कुदळ घे," म्हणाली. कवडूनं माणूस उभा मावेल एवढा खड्डा केला, वर येऊन घाम पुसत विचारलं, "आता याचे पैसे माह्या बिलातून कटन का?" तिनं त्याच्या हातात लोखंडी पाइप दिला. पाइप उभा केला, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, मग काळी माती. पाइपाचं तोंड जमिनीच्या वर ठेवून त्यात नरसाळं बसवलं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी माती वीज वाहून नेत नाही, म्हणून त्या नरसाळ्यात रोज पाणी ओतायचं. त्या पाइपापासून तिनं हिरवी तार भिंतीभिंतीनं सगळ्या भाडेकरूंच्या कुलरपर्यंत नेली आणि पत्र्याला नट-बोल्टनं आवळली. पहिल्याच दिवशी आमच्या कुलरचा फ्यूज फट्‌कन उडाला. कुसुम लांब उभी होती. "हा झटका तुले बसनार होता," तुळसाबाई तिला म्हणाली.

भैयाजींना हे कळलं तेव्हा ते खाली आले. दुकानाच्या दारात उभे राहून खड्ड्याकडे पाहत राहिले.

"माह्या बिल्डिंगची वीज तू तुह्या दुकानात गाडून राहिली."

तुळसाबाईनं सगळ्या बिऱ्हाडांना बटनं बंद करायला लावली आणि भैयाजींना मीटरसमोर उभं केलं. आतली चकती थांबली. "पाहा. तार जोडून हाये, अन् मीटर फिरत नाई."

भैयाजी बराच वेळ चष्म्यातून त्या चकतीकडे बघत होते. "तुह्या भेवानं थांबली असन," ते म्हणाले. त्यांनी हात वर केला, बोर्डावरचा दुकानाचा चिनीमातीचा फ्यूज ओढून काढला आणि बंडीच्या खिशात टाकला. "खड्डा बुजव, फ्यूज घेऊन जा. महिन्याच्या आत नाई बुजवला तं दुकान खाली कर."

दुकान गेलं असतं तर दुसरं मिळणं सोपं नव्हतं. बाईला वाइंडिंगसाठी जागा कोण देणार होतं? मग कोराडीचं क्वार्टर, आणि रुपरावच्या डब्याच्या वेळा. रुपरावनं त्या संध्याकाळी हेच मऊ शब्दांत सांगितलं. "बुजवून टाक ना वं. लोकाईच्या कुलरसाठी आपलं दुकान काहून घालवतं?"

"माह्या बापाची मोटार जळे तेव्हा सारेच म्हनत, जाऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात वीज नव्हती. तुळसाबाईनं बाज दारात ओढली आणि उजेडात बसली. वेढ्यांचं यंत्र हातानंच फिरायचं. वार्निश लावलेल्या मोटारी दिव्याखाली वाळवायच्या असतात. तिनं त्या अंगणातल्या नव्या फरशीवर उन्हात मांडल्या. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन कुठल्याही दिव्याला भारी. भैयाजींना आपल्याच अंगणातून पंपांच्या मधून वाट काढत जावं लागे. राहिला प्रश्न तयार मोटार चालवून बघायचा. तेवढ्यासाठी मी माझ्या खिडकीतून एक लांब वायर खाली सोडली.

भैयाजींनी मला जिन्यात गाठलं. "तुमीबी, मास्तर?"

"माझ्या बायकोचा हात अजून कापतो, भैयाजी," मी म्हणालो. एवढंच. नाटकात असतो तर चांगलं पानभर बोललो असतो.

तुळसाबाईनं खालून मला हाक दिली, "महाराज, भाषण झालं असन तं बटन दाबा."

दिवस जात होते. भाडेकरू रोज पाळीपाळीनं खड्ड्यात पाणी ओतून जायचे, पण भैयाजी दिसले की बादली आडोशाला. खड्ड्याच्या बाजूनं उघड बोलायला कुणी तयार नव्हतं. रुपरावनं एका रविवारी खोलीतली भांडी पोत्यात बांधायला घेतली. तिनं ती पुन्हा सोडून फळीवर लावली. शेवटच्या आठवड्यात भैयाजींनी एका पानवाल्याला दुकान दाखवायला आणलं. पानवाला दारातूनच म्हणाला, "हे पाइप काहाडून द्या लागन." तुळसाबाई म्हणाली, "ये, काहाड." तो गेला.

त्याच दुपारी वरच्या मजल्यावरून पार्वतीबाई उतरल्या. भैयाजींची बायको. बोलणं कमी, पदर डोक्यावरून कधी ढळलेला नाही. सगळी बिल्डिंग दारांच्या फटीतून बघत होती. त्या दुकानात शिरल्या, खड्ड्यापाशी थांबल्या.

"आमच्या कुलरलेबी तार लावून दे."

तुळसाबाईचे हात थांबले. "तुमचाबी मारते?"

"कवापासून. पाटावर चढून पानी टाकून राहिली मी. याईले कधी सांगतलं नाई." मग हळूच, "कुसुमले पडताना पाहिलं."

"तुमच्या घरच्यानं मले अंधारात बसवलं, बाई."

"मले ठाऊक हाये."

"वाद त्याईचा अन् माहा हाये. तुमच्या हाताशी माहा वाद नाई," म्हणत तुळसाबाईनं तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं.

भैयाजी वर आरामखुर्चीत होते. हिरवी तार जिन्याच्या कठड्यावरून, गॅलरीतून, त्यांच्या खुर्चीच्या डोक्यावरून आत गेली तेव्हा ते उठून बसले. आवाज खालपर्यंत आला.

"हे कोनाच्या हुकमानं?"

"माह्या," पार्वतीबाई म्हणाल्या.

"मी खड्डा बुजवाले सांगतला हाये."

"बुजवा. मंग कुलरमधी पानी तुमी भरा. पाट न घेता, पाय ओले करून. आज भरून दाखवा. काही नाई झालं तं मी सोता कुदळ घेऊन खाली जातो."

मी खिडकीत कान देऊन उभा होतो, कुसुम माझ्या मागं. तुळसाबाई पाना घेऊन बोल्ट आवळत असल्याचा किर्र किर्र आवाज तेवढा येत होता. भैयाजी कुलरपाशी गेले असावेत, कारण बादलीची कडी वाजली. मग ती बादली पुन्हा खाली ठेवल्याचं ऐकू आलं. पाणी काही पडलं नाही.

महिना संपला. पानवाला आला नाही, भैयाजीही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाई दारात बसून सावनेरच्या एका गिऱ्हाइकाशी भांडत होती. त्यानं फ्यूजच्या जागी जाड तार घातली होती आणि मोटार कोळसा करून आणली होती. "फ्यूज मराले ठेवते गा, तो मेला म्हनून मोटार जगते. तू त्यालेच पैलवान केलं," ती सांगत होती. तेवढ्यात भैयाजी जिना उतरून आले. कुणाकडे न बघता बोर्डापाशी गेले, खिशातून फ्यूज काढला आणि जागेवर बसवला. दुकानातला दिवा लागला.

तुळसाबाईनं मान वर केली नाही. यंत्र फिरवतच म्हणाली, "नीट दाबा, भैयाजी. ढिला राहिला तं तापते."

भैयाजींनी पुन्हा हात वर नेला आणि दाबला.