आईच्या चंचीचं टिचबटण

टिचबटण सोलापुरात नवीन नवीन आलं तेव्हा आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांनी नाकं मुरडली. दोरी, बंद, कातड्याची गुंडी, एवढ्यावर आजवर सगळ्यांचं भागलं होतं, मग हे पितळी चोचले कुणासाठी? माझ्यासाठी! शुक्रवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत बसून मी पाकिटं, कमरेला बांधायचे पैशाचे कसे आणि पानतंबाखूच्या चंच्या शिवत असे. त्या बटणाचा 'टच्' असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो एका गिऱ्हाइकाच्या विलायती पाकिटाचा. पाकीट दुरुस्तीला आलं होतं, आणि मी दुरुस्ती सोडून नुसता ते उघडत आणि मिटत बसलो. बायको आतून ओरडली, "अवं, उंदीर मारताय काय तितं?"

आता मी म्हातारा झालो. हल्लीची पोरं बटण बसवताना बघतो तेव्हा माझं डोकंच फिरतं. हातोडी घेतात आणि हाणतात दणादण, विंचू मारल्यासारखं. अरे, बटण आहे ते! त्याचे चार तुकडे. वर दिसते ती टोपी, तिच्या खालची वाटी, समोरच्या बाजूचं बोंड आणि बोंडाला मागून धरणारी खिळी. टोपीची आणि खिळीची नळी कातड्यातून वर येते, ती ज्वारीच्या दाण्याएवढी वर राहिली पाहिजे. जास्त राहिली तर ठोक्यानं वाकडी होते, कमी राहिली तर धरतच नाही. भोक नळीपेक्षा जरा लहानच पाडायचं, म्हणजे कातडं तिला आवळून बसतं. मग खाली ऐरण, वर ठसा, आणि एकच सरळ ठोका. झालं की टोपी चिमटीत धरून फिरवून बघायची. फिरली की काम फुकट, काढा आणि परत करा. हे मला कुणी शिकवलं नाही. पुडाभर बटणं वाकडी करून शिकलो, आणि त्या प्रत्येक बटणाला मी तोंडभर शिव्या घातल्या आहेत.

बटणं मिळायची बाजारातल्या एका कटलरीच्या दुकानात. तिथला दुकानदार दखनीत बोलायचा आणि माझ्या निवडीला पार वैतागायचा, कारण मी एकेक बटण कानाशी धरून वाजवून बघत असे. "मामू, बटन ले रहे की तबला?" म्हणायचा. मग खालच्या खणातनं घट्टातलं घट्ट बटण काढून समोर टाकायचा. "ये लेव, पक्का माल. मरे तक खुलनेका नै!" मला तेच पाहिजे असायचं. दुधनीकडचा एखादा धान्याचा व्यापारी पाकीट घ्यायला आला की आधी झाकण ओढून बघायचा, आणि ते सहजी उघडलं नाही की खूश व्हायचा. आमच्यात घट्ट म्हणजे चांगलं. ढिलं बटण बसवणाऱ्याचं गल्लीभर हसं व्हायचं.

माझी आई मंद्रूपची, पानाची भारी शौकीन. तिन्हीसांजेच्या आधी ती दाराबाहेरच्या ओट्यावर बसायची आणि गल्लीतल्या बायका तिच्याभोवती जमायच्या. कुणाची सून रुसली, कुणाची शेळी कुणाच्या दारात शिरली, सगळ्याचा निकाल तिथं लागायचा. निकाल लागला की आई चंचीतून पान काढून द्यायची. जिच्यावर राग असेल तिला पान नाही. काय तो थाट, काय तो आवाज! आज इतकी वर्षं झाली, पण संध्याकाळी कुठं बायकांचा हसण्याचा गलका ऐकला की मी अजून तिला शोधतो. चंची मात्र जिची तिनंच उघडायची. दुसऱ्याच्या चंचीत हात घालणं आमच्याकडं फार वाईट दिसायचं, नवराबायकोसुद्धा एकमेकांच्या चंचीत हात घालत नसत.

एका पहाटे तिच्या अंगावरनं वारं गेलं. वाकडं झालेलं तोंड हळूहळू सुधारलं, काठी टेकत ती चालायलाही लागली, पण उजवा हात गेला तो गेलाच. चंचीची दोरी काही एका हातानं सुटेना. ओट्यावर बसून ती दोरी दातात धरून ओढायला लागली, लाळ लुगड्यावर गळाली, आणि ते एका शेजारणीनं बघितलं. "आणा मावशी, मी सोडती की," म्हणाली बिचारी, काही वाईट मनानं नाही. आईनं चंची पदराखाली घातली, उठली आणि आत आली.

त्यानंतर ती बाहेर बसलीच नाही. पान सोडलं, बोलणं सोडलं. बायका हाका मारायच्या आणि ही भिंतीकडं तोंड करून पडलेली. "डोकं दुखतंय म्हनून सांग," म्हणायची. रोज डोकं दुखायचं. जिच्या आवाजानं गल्ली दणाणायची ती माझी आई मुक्यासारखी घरात राहायला लागली. मला ते बघवत नव्हतं, जीव तुटायचा. तिला परत ओट्यावर बसलेली बघायची, बाकी काही नको, असं मला झालं होतं.

मग माझ्या डोक्यात टिचबटण आलं. दोरीच नको! बकऱ्याच्या कमावलेल्या कातड्यातलं मऊसूत कातडं मी निवडलं, आत पान, सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी असे कप्पे घातले, आणि खास आईसाठी म्हणून सगळ्यात घट्ट, सगळ्यात चकचकीत बटण बसवलं. कामावर मी बेहद्द खूश होतो. चंची नेऊन तिच्या मांडीवर ठेवली. "आई, ही घे. आता दोरीची कटकट न्हाय."

तिनं डाव्या हातानं झाकण धरलं आणि ओढलं. चंची अख्खी वर आली. परत ओढलं, परत वर आली. मग गुडघ्याखाली दाबून जोर लावला, तोंड लाल झालं, पण बटण हूं की चूं करेना. मरेपर्यंत उघडणार नाही म्हणाला होता तो दुकानदार, खरं बोलला मेला! आईनं चंची माझ्या अंगावर फेकली. "ह्याच्यापरीस दोरी बरी व्हती. थट्टा करतूस व्हय रं माझी?"

मला असा राग आला म्हणता! स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोपुढं तणतण केली. एवढं देखणं काम, एवढं पक्कं बटण, आणि हिला त्याची किंमत नाही. बायको सुपारी कातरत होती. आईनं पान सोडलं होतं तरी तिच्यासाठी सुपारी कातरून ठेवायचं बायकोनं सोडलं नव्हतं. अडकित्ता खाली ठेवून ती म्हणाली, "उजवा हात पाटीमागं धरा आन् उघडून दावा बरं."

"त्यात काय," म्हटलं, आणि धरला हात पाठीमागं. मला उघडेना! चंची जमिनीवर नुसती इकडून तिकडं घसरायला लागली. बायको हसली नाही, हे माझं नशीब. पण तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. जन्मभर मी न उघडणारी बटणं निवडत आलो होतो, आणि आईला उघडणारं पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हटलं, ढिलं बटण दाखव. दुकानदार बघतच राहिला. "तबीयत बरोबर है ना मामू?" त्यानं कोपऱ्यातला एक पुडा काढला. कुणी न घेतलेला, हलका माल. मी तिथंच उजवा हात कमरेत खोचून एकेक बटण डाव्या अंगठ्यानं उघडत बसलो. आलेली गिऱ्हाइकं हसत होती. हसेनात का! अगदी ढिलंही नको होतं, नाहीतर चालताना चंची उघडून पानं रस्त्यावर पडली असती. शेवटी एक सापडलं, मिटताना नीट बोलणारं आणि अंगठा लावला की ऐकणारं.

चंची मी नव्यानं केली. झाकण बटणाच्या पुढं अंगठाभर वाढवून ठेवलं, धरायला. मागच्या बाजूला रुंद पट्टी शिवली, ती मांडीखाली दाबली की चंची जागची हलत नसे. मऊ कातडं ओढून ओढून फाटेल म्हणून बटणाच्या मागं जाड कातड्याची चकती घातली. मग ठोका. जोरानं पडला तर बटण पुन्हा आवळणार, हळू पडला तर निसटणार. पडला बाबा नीट.

चंची तिच्या उशाशी ठेवली आणि कामाला बसलो. एक पाकीट शिवून होत आलं. मग आतून 'टच्'. थोड्या वेळानं परत. मग परत परत. दुपारभर ती आत एकटी उघडत आणि मिटत होती, आणि मी हातोडी न वाजवता ऐकत बसलो. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी बायकांनी नेहमीसारखी हाक मारली. आतून काठीचा आवाज आला. आई माझ्यासमोरून, माझ्याकडं न बघता बाहेर गेली आणि ओट्यावर बसली. बायकांनी सरकून तिला जागा दिली. तिनं पट्टी मांडीखाली घातली तशी तीच शेजारीण सवयीनं पुढं वाकली.

"हात लावू नगंस," आई म्हणाली.

अंगठा झाकणाखाली घातला आणि चंची उघडली. गुडघ्यावर पान ठेवलं, चुना लावला, थोडा लुगड्याला लागला, सुपारी घातली, आणि एका हातानं कसाबसा दुमडलेला तो विडा तिनं त्या शेजारणीच्या हातावर ठेवला. शेजारणीनं तो तोंडात घातला, चंची निरखून बघितली आणि म्हणाली, "लई झ्याक हाय की वो मावशी. कुनी केली? लेकानं व्हय?"

मी आत कान टवकारून बसलो होतो.

"केली कुनी ते काय इचारतीस?" आई म्हणाली, तिच्या त्या जुन्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात. "उघडली कुनी ते बघ की!"