अर्थिंगच्या खड्ड्याला नऊ उन्हाळे पाणी

रसायनीच्या एका कारखान्यात मी गेली बावीस वर्षं अर्थिंग तपासतो. कामाला नवीन लागलेल्यांना ते शिकवतोही मीच. साहजिकच आमच्या घराचं अर्थिंग मी स्वतः केलं, दुसऱ्या कुणाला वायरीला हात लावू दिला नाही, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं श्रेयही माझ्या एकट्याचंच आहे.

झालं असं, की साजगावला दिलेल्या माझ्या बहिणीच्या मुलीचं, सोनालीचं, लग्न ठरलं. माझी आई धवलारीण. म्हणजे हळदीला आणि लग्नाला विधीची गाणी, धवले, म्हणणारी. खालापूरकडच्या किती पोरींना तिच्या आवाजावर हळद लागली, त्याची गणतीच नाही. आणि सख्ख्या नातीच्या हळदीला दहा दिवस राहिले असताना आई न्हाणीत घसरली आणि पाय मोडून बसली! मांडीपर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं, खाट सोडायची नाही.

सोनालीने फोनवर रडून घर डोक्यावर घेतलं. "मामा, आजीचा धवला नसंल तर मी पाटावर बसनार नाय!"

आईने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उभ्या आयुष्यात कुणाची हळद न चुकवलेली बाई ती. मला ते बघवेना.

"आई, तू इथेच गा. मी रेकॉर्ड करतो आणि मांडवात वाजवतो."

आधी मोबाइलवर करून पाहिलं. त्यात आईपेक्षा कावळेच जास्त ऐकू आले. मग मी भजनी मंडळाचा माइक, स्पीकर आणि आवाज कमीजास्त करायचा मिक्सर आणला. तो आमच्या जुन्या लॅपटॉपला जोडला (त्याची बॅटरी कधीच वारलेली, प्लग काढला की तोही बंद). आईने पदर सावरला, घसा साफ केला, आणि स्पीकरमधून आवाज आला, "हूंऽऽऽऽऽ!"

"ह्यो कोन रं?" आईने विचारलं.

"हम म्हणतात त्याला. विजेचा आवाज आहे."

"मंग त्याचं व्हऊ दे आदी. माजं मागनं."

मी कंबर कसली. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, फ्रिज बंद केला. मे महिना होता. आम्ही घामाने निथळत होतो, फ्रिजमधलं दूध नासत होतं आणि हम आपला थंडपणे चालू होता. मग मला शेजारच्या हिराकाकींची पिठाची गिरणी ऐकू आली. सापडला चोर! मी पळतच गेलो.

"काकी, तासभर गिरणी बंद ठेवा. तुमची मोटर माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येतेय."

"अरं, तुज्याच भाचीच्या हळदीच्या वड्यांचं पीठ दलतंय मी!" तरी बिचारीने गिरणी थांबवली. घरी येऊन बघतो तर हम तसाच. उलट गिरणीचा आवाज थांबल्यामुळे तो आणखी छान ऐकू येत होता.

तेवढ्यात माझ्या बायकोने, सुनंदाने, एक शोध लावला. मिक्सरच्या पत्र्यावर हात ठेवला की हम कमी व्हायचा आणि हात काढला की पुन्हा सुरू व्हायचा.

"अवो, ह्यो तर पालन्यातल्या पोरासारखा करतोय. हात ठेवला की गप!"

हेच लक्षण दुसऱ्या कुणाच्या घरी दिसलं असतं, तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, बाबा रे, तुझ्या घराला अर्थिंग नाही. नवीन पोरांना हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो. पण हे माझं घर होतं!

"मिक्सर बिघडलाय," मी निकाल दिला.

"अर्थिंग बगा की एकदा."

"सुनंदा, अर्थिंगबद्दल एक शब्द बोलायचा नाही! खड्डा मी खणलाय. तांब्याची पट्टी मी पुरलीय."

आता या खड्ड्याविषयी सांगायलाच हवं. अर्थिंग म्हणजे घरात गळणारी वीज वायरीने या खड्ड्यातल्या मातीत उतरवायची; माती ओली राहिली तरच ते चांगलं चालतं, म्हणून घर बांधलं तेव्हाच मी नियम घालून दिला होता, की उन्हाळ्यात रोज त्याला एक हंडा पाणी घालायचं. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. तरी आधी खड्डा, मग आंघोळी. सुनंदाने नऊ उन्हाळे हा नियम पाळला. (फ्रिजला हात लावला की मुंग्या यायच्या, म्हणून आमच्याकडे चपला घालूनच फ्रिज उघडायची पद्धत होती. पाहुण्यांनाही आम्ही आधी चपला आणि मग सरबत द्यायचो. तो दोष अर्थातच बाहेरच्या लाइनचा आहे, असं मी सगळ्यांना पटवून दिलं होतं.)

दुसऱ्या दिवशी मी खड्ड्यात एक सोडून तीन हंडे ओतले. चुलीतला कोळसा टाकला. लोणच्यासाठी आणलेलं पाच किलो जाडं मीठही टाकलं. सुनंदा कैऱ्या घेऊन दारातच उभी राहिली. हम जराही हलला नाही.

"दत्ता, मी त्याच्यासंगंच सूर लावू का?" आई म्हणाली. "दोगं मिलून गातो."

मी हसलो, पण ती हसली नाही. हळद परवावर आली होती. "ऱ्हाऊ दे रं आता," ती हळूच म्हणाली. "पोरीला सांग, आजीचा आवाज गेला म्हनून."

"आई, हा हम घालवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही!" मी प्रतिज्ञा केली. (हिराकाकींनी चाखायला पाठवलेले चार वडे त्याआधीच खाऊन झाले होते.)

सुनंदा उठली. खड्ड्यातून निघालेली हिरवी वायर तिने बोटाने धरली आणि तिच्या मागोमाग चालायला लागली. अंगणातून भिंतीवर, भिंतीवरून खिडकीखालून, थेट घरातल्या वायरिंगच्या लाकडी कपाटापर्यंत. कपाटाच्या दारावर कॅलेंडर होतं. ते तिने काढलं, मला शेजारचा मेन स्विच पाडायला लावला आणि दार उघडलं.

आत हिरवी वायर सुरेख वेटोळं करून ठेवलेली होती. टोकाला चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीला आमच्या कारखान्याची पिवळी पाटी. कुठलंही काम अर्धवट राहिलं की विसरू नये म्हणून आम्ही ती लावतो. पाटीवर लिहिलं होतं, "जोडणी बाकी." खाली सही. माझी.

मग आठवलं. वास्तुशांतीचा दिवस, भटजी "यजमान कुठे आहेत?" म्हणून ओरडताहेत, आणि मी शिस्तीत पाटी लावून, शिस्तीत दार लावून पूजेला पळालो. त्यानंतर कुणीतरी त्या दारावर कॅलेंडर टांगलं. दरवर्षी ते बदलत मात्र मीच होतो.

वायर जोडायला मला दोन मिनिटं लागली. मेन चालू केला, सगळं पुन्हा सुरू केलं. हम नाही! इतकी शांतता, की मला वाटलं स्पीकरच गेला. आता वीज जायच्या आत उरकायचं म्हणून मी घाईघाईने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि आईला खूण केली. आईने डोळे मिटले आणि धवला लावला. खाटेवर पाय पसरून बसलेली माझी आई त्या दहा मिनिटांत साजगावच्या मांडवात जाऊन आली. मी चक्क रडलो.

"धाडायच्या आदी एकदा ऐकून बगा," सुनंदा म्हणाली.

"गरज नाही. काम मी स्वतः केलंय!" मी म्हणालो आणि फाइल पाठवून दिली.

आईपाशी हिराकाकींना बसवून मी आणि सुनंदा हळदीला गेलो, तर साजगावात मांडव गच्च भरला होता. आमच्या कारखान्यातली निम्मी माणसं त्याच भागातली, ती सगळी हजर. साहेबही आले होते. सोनाली पाटावर बसली, साउंडवाल्याने बटण दाबलं, आणि पुरुषभर उंचीच्या दोन स्पीकरांतून खणखणीत आवाज आला. सुनंदाचा!

"नऊ उन्हाले मी त्या खड्ड्याला पानी घातलं! आंगोली राखून घातलं! आनि ह्यांची वायर कपाटात पाटी लावून झोपलेली! कारखान्यात लोकांना शिकवतात म्हनं!"

पाठोपाठ आई. "जाऊ दे गं. त्याच्या बापानं पन विहीर खनली नि रहाट लावायचा इसरला. काय रं, हात कशाला हालवतोस? चालू झालं व्हय?"

मांडव हसून लोळला. साहेब तर खुर्ची धरून हसत होते. मग आईचा सूर लागला आणि सगळे गप्प झाले. गालांवर हळद घेऊन सोनाली हसत होती आणि रडतही होती, आणि तिचे डोळे पुसायचं कुणालाच सुचत नव्हतं.

धवला संपल्यावर साउंडवाला मुद्दाम माझ्यापाशी आला.

"भाऊ, काय क्लियर आवाज हाय! जरापन हम नाय. घरचं अर्थिंग कोनाकडनं करून घेतलं?"

मी मुकाट्याने सुनंदाकडे बोट दाखवलं.