वसंताने सोडलेला झेल

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तिला मी सगळं सांगतो असा तिचा समज होता. तो समज घेऊनच ती गेली. मग तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही.

गेल्या रविवारी इथे लंडनमध्ये, एजवेअरच्या हॉलमध्ये, मराठी मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि ‘मैदानावरचा आवाज’ असं कोरलेली काचेची पाटी. अध्यक्ष इतकं चांगलं बोलले की मी वारलोय की काय, अशी मलाच शंका आली. पाटी पिनरला घरी आणून कपाटात उलटी ठेवली आहे.

मैदानावरचा — मैदानावर होतो कधी मी? आमचं रेडिओ केंद्र लहान. परगावच्या सामन्याला निवेदक पाठवायची ऐपत नव्हती. तिकडून एकजण फोनवर प्रत्येक चेंडूचं सांगायचा आणि मी स्टुडिओत बसून, जणू समोर बघतोय असं, ते रंगवायचो. गर्दीचा गोंगाट तबकडीवर. बॅटचा आवाज म्हणजे टेबलावर आपटलेली पेन्सिल. ऐकणाऱ्यांना सांगायचं नाही, एवढाच नियम.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, अगदी रंगात आलेला असताना, फोन बंद पडला. गप्प बसलो असतो तर — कळलं नसतं सगळ्यांना? मी मनाने चेंडू टाकत राहिलो, फलंदाज तटवत राहिला. किती वेळ तटवणार? शेवटी मी त्याला उंच फटका मारायला लावला. आता खाली कुणीतरी हवं. पहिलं नाव सुचलं ते वसंताचं. आपल्या संघातला, माझ्याच आळीतला, शाळेत माझ्याच बाकावरचा. त्याला पळवत चेंडूखाली आणलं, आणि — झेल सोडायला लावला. पकडला असता तर गडी बाद झाला असता, धावफलकाशी जमलं नसतं. सुटलेला झेल धावफलकावर दिसत नाही.

फोन परत लागला, आणि थोड्या वेळाने आपला संघ हरला.

“काय वसंतराव, हाताला लोणी लावून गेला होतात काय?” आळीत हे रोज. संघातल्या पोरांना माहीत होतं, असं काही झालंच नाही. पण हरलेल्यांना एक माणूस लागतोच. पोरं गप्प राहिली. वसंता माझ्याकडे आला.

“अरे, मी कुठे सोडला रे झेल? तू तरी सांग ना लोकांना.”

“वसंता,” मी म्हणालो, “मला दिसलं ते मी सांगितलं.”

दिसलं! त्याने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. त्यानंतर तो कधी खेळला नाही.

सत्कारानंतर एक बाई पाया पडली. वसंताची मुलगी, शैला. ब्रॅकनेलला आयटीत असते. वसंता जाऊन काही वर्षं झाली, म्हणाली.

“काका, बाबांचा तो फेमस ड्रॉप्ड कॅच तुमच्याच कॉमेंट्रीत ना? आम्हाला नेहमी सांगायचे, ऊन एकदम डोळ्यांत आलं, नाहीतर घेतलाच असता.”

म्हणजे शेवटी त्यानेही तो झेल सोडला होता.

ती हसत, माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी म्हणालो, “हो गं. ऊन फार होतं त्या दिवशी.”

तिथे ऊन होतं की ढग, मला माहीत नाही.