मी पुसलेली अकरा मिनिटं

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच रचना पूर्ण केली, आणि ती मी पुसून टाकली.

अप्पांना जाऊन आज वर्ष झालं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

तुमच्यापैकी बहुतेकांना अप्पा माहीत आहेत ते एसीच्या डक्टिंगचे कॉन्ट्रॅक्टर म्हणून. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात वर्कशॉप, पांढरा बुशशर्ट, खिशाला टेस्टर.

पण त्याआधी, विशीत, त्यांना एकच वेड होतं. टेपचं संगीत.

म्हणजे गाणी टेप करणं नव्हे. कुठलाही आवाज टेपवर पकडायचा, मग ती टेप ब्लेडने कापायची, उलटी करायची, हळू चालवायची, पुन्हा चिकटवायची, आणि त्यातून संगीत रचायचं. परदेशात मोजक्या लोकांनी ही वाट काढली होती. आज मी दोन क्लिकमध्ये जे करते, ते त्यांनी ब्लेड आणि फूटपट्टी घेऊन केलं. अप्पांनी त्यांच्याबद्दल कुठल्याशा मासिकात वाचलं आणि झपाटले.

सासूबाई म्हणतात, "दुबईला आले तेव्हा बॅगेत कपडे कमी, टेप रेकॉर्डरच मोठा. लोक इथून सोनं न्यायचे, हे ब्लेडं घेऊन आले."

माझंही काम आवाजाचंच. जाहिरातींचे आवाज साफ करते. घरघर, खरखर, पंखा, सगळं काढते. यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा समज होता.

डॉक्टरांनी हात टेकल्यावर अप्पांनी टेपचं एक स्पूल माझ्या हातात दिलं.

"बघ गं, यातून काही निघतं का. एकदा ऐकावंसं वाटतंय."

"काय आहे यावर, अप्पा?"

"आहे आपलं. जुनं."

मी पुढे विचारलं नाही. क्लायंटचा फोन येत होता.

शारजात जुनी यंत्रं दुरुस्त करणारे एक मल्याळी चाचा आहेत. त्यांनी टेप बोटांवर घेऊन पाहिली. जागोजागी जोड, शेकड्यांनी.

"मॅडम, गोंद सूख गया है. एक ही बार चलेगा. रेडी? चलो, यल्ला."

मी लॅपटॉपवर रेकॉर्ड लावलं. अकरा मिनिटं. नुसती घूंऽऽ घूंऽऽ. मध्येच खाली उतरायची, मध्येच वर चढायची. मला वाटलं, तेव्हाच्या मशीनची मोटर खराब असणार. मशीनच्या पलीकडे, वाजून झालेल्या टेपचे जोड एकेक करून सुटत होते आणि टेपचे तुकडे शेवयांसारखे खाली पडत होते.

आणि शेवटाकडे, त्या घरघरीच्या मागे, एक तरुण बाई बोलली.

"अहो, चहा ठेवू?"

सासूबाई! पंचविशीतल्या!

मला वाटलं, हेच. हेच ऐकायचंय अप्पांना.

चाचांनी विचारलं, "ये टुकडे चाहिए?"

"नहीं चाचा. खलास."

घरी येऊन मी हौसेने बसले. घरघर पूर्ण काढली. बांगड्यांची किणकिण उजळली. आवाज असा केला की आत्ता स्वयंपाकघरातून यावा. आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं.

मूळ फाईल वेगळी ठेवायची, हे नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी शिकवते. घरचं काम म्हणून ठेवली नाही.

अप्पांच्या कानाला हेडफोन लावला. ते डोळे मिटून बसले. अकरा मिनिटं जवळजवळ सगळी शांतता, शेवटी चहा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी आपली खूश.

"कसं झालंय अप्पा?"

"स्वच्छ झालंय गं."

तीन आठवड्यांनी अप्पा गेले.

तेराव्यानंतर सासूबाईंनी कपाटातून एक वही काढून दिली. दुबईतल्या अल मनखूलच्या पहिल्या फ्लॅटमधली. अप्पांचं बारीक अक्षर.

'एसी, सुरू होताना: तीस इंच. एसी उलटा: चार इंच. एसी, दमलेला: साठ इंच.'

पानंच्या पानं तुकड्यांची मापं. नऊ महिन्यांचं काम. खिडकीतल्या त्या एका एसीच्या घरघरीतून त्यांनी अख्खी रचना बांधली होती.

शेवटच्या पानावर: 'इथे ही बोलली. कापायचं नाही.'

घरघर म्हणून मी तीच पुसली, असं मी मोठ्यानेच बोलले.

माझी दहा वर्षांची लेक म्हणाली, "मम्मा, कान्ट यू जस्ट अनडू इट?"

नाही गं. नाही होत.

मी सासूबाईंना विचारलं, अप्पांनी सांगितलं का नाही, यावर काय आहे ते?

"एकदा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती टेप लावली होती त्यांनी. दुसऱ्या मिनिटाला साउंडवाला धावत आला. म्हणाला, भाऊ, वायर लूज आहे, घरघर येतेय. लोक हसले. हे पण हसले. म्हणाले, हो, वायरच असेल. त्यानंतर कुणाला ऐकवली नाही. तुझ्याकडे दिली, तेव्हा मलाच नवल वाटलं."

मला तोंड वर करवेना. तरी विचारलं.

"आई, त्यांना कळलं होतं? मी काय केलं ते?"

"पहिल्या मिनिटालाच कळलं. मला म्हणाले, सूनबाईला बोलू नकोस. आता परत आणता तर येणार नाही. मग दोघांनी कशाला रडायचं."

वर्षभर मी ती फाईल उघडलेली नाही. कामावर कुणी म्हणालं, जरा घरघर काढून दे, की आधी विचारते, कशाची आहे? लोकांना वाटतं, बाई फार चिकित्सक झाली.

अप्पा, चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं आणि तुम्ही रागवायला हवं होतं.

दोघं मिळून रडलो असतो, तर बरं झालं असतं.

तुम्हाला नमस्कार. आणि आता कुणालाच ऐकता येणार नाहीत अशा तुमच्या त्या अकरा मिनिटांना, वाकून नमस्कार.