होडी छाप

दहिवडीच्या बाजारपेठेत आमची बिअर शॉपी आहे. माझे यजमान सैन्यातून निवृत्त होऊन आले, तेव्हा त्यांनी हा परवाना काढला. त्यांचं स्वतःचं पिणं त्याआधीच डॉक्टरांनी बंद केलेलं होतं. दुपारी ते जेवून आडवे होतात आणि मी दुकानात बसते. बाई बिअर विकते याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटायचं, मग सवय झाली. मुंबईहून सुट्टीवर आलेली माणसं मात्र अजून दारात जरा थबकतात आणि रस्त्याकडं बघत बाटली मागतात.

मागच्या उन्हाळ्यात सांगलीकडच्या एका नव्या कंपनीचा सेल्समन आमच्याकडं आला. त्यांची बिअर तोवर सांगली-मिरजेतच खपायची. आता माण-खटावात उतरायचं ठरलंय, असं तो म्हणाला. फ्रीजमध्ये डोळ्यांसमोरची जागा मिळावी म्हणून त्यानं बरीच गळ घातली. यजमानांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यात खालचा कप्पा दिला. बाटलीच्या लेबलवर नदी होती आणि नदीत शिडाची होडी. कंपनीचं नाव कुणी वाचलंच नाही. पहिल्याच आठवड्यात त्या बिअरचं नाव 'होडी' पडलं.

नाव पडलं, पण बाटली हलेना. लोक वाकून बघायचे, हातात घेऊन फिरवायचे, कशी आहे विचारायचे आणि नेहमीचीच घेऊन जायचे. मी प्रत्येकाला सांगायचे, चांगली आहे म्हणतात.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. वरकुट्याकडचे मेंढरंवाले आजोबा, बाजारच्या दिवशी बकरी विकून झाली की एक बाटली नेणारे. त्यांनाही मी तेच सांगितलं. ते होडीवरचं पाणी अंगठ्यानं पुसत म्हणाले, "म्हणत्यात म्हंजे कोन म्हणतंय, वैनी? तुमी बघितलीया का पिऊन?"

मी न्हाई म्हणाले. ते हसले नाहीत की त्यांनी टोमणाही मारला नाही. त्यांना फक्त माहिती हवी होती. बाटली परत ठेवून ते नेहमीची घेऊन गेले. त्यांच्या मागं मी फ्रीजकडं बघत बसले. इतकी वर्षं मी या बाटल्या मोजल्या, पुसल्या, थंड केल्या. कुठल्या बाटलीला कोण येणार हे मला चेहऱ्यावरून कळायचं. आत काय आहे ते मात्र मला ठाऊक नव्हतं. एकदा ते डोक्यात आलं, ते जाईना. भाकरी थापतानाही मी विचार करत होते, की सगळे कडू म्हणतात ते कडू कसलं? कारल्याचं की मेथीचं?

निवडणुकीसाठी दुकान बंद राहिलं, त्या दुपारी मी यजमानांना सांगून टाकलं, की मला होडीची चव बघायची आहे. बायकोनं असं काही विचारावं याला त्यांची तयारी नव्हती. शेवटी ते म्हणाले, "बघ. पण एकटी नको, मी बसतो शेजारी."

बाटली त्यांनीच उघडली आणि स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली. फेस काठाबाहेर आला. मी घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. थंड होती ते बरं वाटलं, पण जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळत राहिला. यजमान विचारत होते, कशी आहे? मी म्हणाले, कारलंही न्हाई आणि मेथीही न्हाई.

इतक्यात बाहेरच्या सोप्यात पडलेल्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, उठून बसल्या. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. नाक अजून तिखट. "कसला वास येतोय गं आंबल्यागत?" त्यांनी विचारलं. मी घाबरत सांगितलं. त्यांनी हात पुढं केला. यजमान 'आई, नको' म्हणेपर्यंत पेला त्यांच्या ओठाला लागला होता. दोन घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला, पदरानं ओठ पुसले आणि म्हणाल्या, "आंबील हाय की ही. कडू झालेली आंबील."

अगदी तसंच होतं ते. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवल्यावर जो वास येतो, तोच वास होता, मला तो ओळखू आला नव्हता इतकंच.

पुढच्या बाजारी आजोबांनी विचारायच्या आधीच मी त्यांना सांगितलं, की मी बघितली, कडू आंबिलीगत लागते. ते गालात हसले आणि होडी घेऊन गेले. त्या आठवड्यात आणखी चार जण 'ती आंबीलवाली' मागत आले. यजमानांना हे रुचलं नाही. गिऱ्हाईकापुढं तू असं बोलायला नको होतंस, गावात काय अर्थ काढतील, असं ते म्हणाले. मी म्हणाले, चव न बघता मी चांगली आहे असं खोटंच सांगत होते, तेव्हा तुम्ही कधी काही बोलला नाहीत. दोन दिवस आमच्यात अबोला राहिला. नंतर होडी वरच्या कप्प्यात आलेली मला दिसली. मी ती हलवली नव्हती.

सेल्समनच्या कानावर आंबील गेली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पण त्यानं ते साहेबांना सांगितलं असावं. बिअर बनवणाऱ्या साहेबांचाच मला फोन आला. आंबील कशी करतात, किती वेळ ठेवतात, ते विचारत राहिले. मग म्हणाले, एकदा येऊन आमचं काम बघा. आत्यांचे गुडघे एसटीला तयार नव्हते, म्हणून आम्ही दोघंच गेलो.

सांगलीकडच्या त्यांच्या कारखान्यात माणसापेक्षा कितीतरी उंच स्टीलच्या टाक्या होत्या. जवाला मोड आणून, भाजून, भरडून गरम पाण्यात घातलेलं होतं. सगळीकडं गोडसर वाफ. मी साहेबांना म्हणाले, हे तर गोड आहे, मग कडू कुठून येतं? त्यांनी डब्यातून हिरव्या गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. दिसायला अगदी जनावरांच्या गोळी पेंडीसारख्या. हॉप्स नावाच्या वेलीची ही फुलं, वाळवून दाबलेली, परदेशातून येतात, असं त्यांनी सांगितलं. चुरडून बघा म्हणाले.

चुरडल्यावर कागदी लिंबाची साल आणि ओलं गवत, दोन्ही एकदम नाकात शिरलं. असा वास मी कधीच घेतला नव्हता. आपल्याकडं ही वेल लावली तर येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, थंडी लागते तिला, पण इकडं लावून बघितलं नाही कुणी.

परतीच्या एसटीत विटा गाव मागं पडलं तरी बोटांना तो वास होता. मी हात पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होते. यजमान खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात स्वतःच्या नाकाजवळ नेला.