मी पोर आहे
वीटभट्टीचा धूर नाकात गेला, की मला तलासरीजवळच्या शाळेतला माझा सातवीचा वर्ग आठवतो. २०१६ साल असेल. दिवाळीच्या तोंडावर मी इंग्रजी शब्दांची चाचणी घेतली होती: हॅपी, अनहॅपी, रिच, पुअर, आणि त्यांची छोटी वाक्यं. पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने ‘आय ॲम पुअर’चा अर्थ लिहिला होता, ‘मी पोर आहे.’ मी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळा वर्ग खिदळला. ती उभी राहून म्हणाली, “पण बाई, मी पोरच हाय ना?” मलाही हसू आवरेना, हसत हसतच मी लाल पेनाने फुली मारली. सुट्टीनंतर ती आली नाही, म्हणून तिची ती चाचणीची वही घेऊन मी पाड्यावर गेले, तर दारात टेम्पो उभा होता आणि धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ती बोचक्यांवर बसली होती. “अहो, पोर आहे ती, भट्टीवर कशाला नेता?” मी तिच्या आईला म्हटलं. “आता कसली पोर, बाई?” आई म्हणाली, “विटा वाहते ती.” मुलगी नुसती माझ्या हातातल्या वहीकडे बघत राहिली. टेम्पो निघून गेला, ती वही अजून माझ्याकडेच आहे. ती पोर नाही, हे तिच्या आईच्या आधी मीच लाल फुलीने लिहून दिलं होतं.